सर्वनामांचे बिऱ्हाड

गेल्या वर्षी चार महिने माद्रिदला लेकीकडे होतो. जावई तिकडचाच. पाच वर्षांच्या नातीला मराठी समजते, पण तोंडातून निघते ती स्पॅनिश. म्हणून निघण्यापूर्वी सहा महिने मी त्या भाषेशी झटापट केली होती. क्रियापदांचे तक्ते पाठ! आजोबा जय्यत तयारीने निघाले होते म्हणा ना.

पहिल्याच रात्री तिच्या उशाशी बसलो, तर पोरगी म्हणते, "क्वेन्तामेलो." मी शब्दकोश काढला. 'क्वे'ची सारी पाने धुंडाळली, शब्दच नाही! तिने पुन्हा म्हटले, पुन्हा म्हटले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी लेकीने उलगडा केला. हा एक शब्द नव्हेच, तीन आहेत. 'क्वेन्ता' म्हणजे सांग, 'मे' मला आणि 'लो' ते. मूळ क्रियापद 'कोन्तार'; सांगणे आणि मोजणे, दोन्ही अर्थांचे. आज्ञा करताना त्यातल्या 'को'चा 'क्वे' होतो आणि सर्वनामे त्याच्या पाठीला चिकटतात. शब्द लांबला तरी आघात जागचा हलू नये म्हणून 'क्वे'च्या स्वरावर तिरकी रेघ देतात. मोडीत शब्दाला शब्द जोडून लिहिणारे माझे आजोबा हे पाहून खूश झाले असते! पण "सांगू नकोस" म्हणायचे झाले, की हीच सर्वनामे पाठ सोडून क्रियापदाच्या आधी सुटी सुटी उभी राहतात : 'नो मे लो क्वेन्तेस'. नकार ऐकला की बिऱ्हाड हलले!

व्याकरण कळले, पण 'ते' म्हणजे काय?

"बाबा, गोष्ट त्यांच्यात पुल्लिंगी, म्हणून 'लो'. आईची चिऊकाऊची गोष्ट मागत असेल. दर रविवारी फोनवर सांगायची ना ती."

ही गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

त्या रात्री सांगितली, मराठीतच. काऊचा आवाज काही मला साधेना. तरी रोज सांगत राहिलो.

परतण्याच्या आदल्या रात्री मी सुरुवात केली, तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "नो मे लो क्वेन्तेस."

मी चपापलो. ती उठून बसली. "यो ते लो क्वेन्तो."

मी तुला ती सांगते. शब्दांचा क्रमसुद्धा थेट आपला! मग काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेले, ते मी प्रथमच स्पॅनिशमध्ये ऐकले. काऊचा आवाज मात्र हुबेहूब तिच्या आजीचा होता.