उंच मोटारीचा उपदेश

घरातले माणूस गेले तर चार लोक समाचाराला येतात आणि मुकाट बसून जातात. मोटार गेली की मात्र येणारा प्रत्येक जण उपदेश करून जातो. यंदाच्या पावसाळ्यात माझी ऑक्टेव्हिया आर. एस. गेली. तेव्हापासून, ज्याला सायकलही धड चालवता येत नाही तोसुद्धा मला सांगतो आहे, "सर, आता उंच गाडी घ्या!" आलापल्लीतल्या या सर्व हितचिंतकांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

प्रथम कबुली देतो, की चूक माझी होती. नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत होते. एस. टी.चा ड्रायव्हर बस काठावर लावून विडी ओढत बसला होता. तरी मी मोटार पाण्यात घातली. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो! दट्ट्याचा दांडा वाकला आणि खेळ आटोपला. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी मोडीत धरतात. तशी ती धरली गेली.

नागपूरहून जुनी घेतलेली मोटार ती! 2001 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली. त्याच घराण्यातली ही तडफदार लेक. दिसायला घरंदाज, पण पोटात 1.8 लिटरचे टर्बो इंजिन. भामरागडच्या वाटेवर, सागाच्या सावलीत वळण घेताना ती मांडी ठोकून बसलेल्या पैलवानासारखी रस्ता धरून ठेवी. तसलीच दुसरी घ्यावी, तर ऑक्टेव्हिया 2023 साली येथे बंद झाली. 2025च्या ऑक्टोबरात आर. एस. परत आली ती परदेशातून, साऱ्या देशाला मिळून 100, आणि किंमत 49 लाख 99 हजार. शिक्षकाने त्या बातमीचे कात्रण तेवढे जपावे.

मग उंच मोटार का नको? चालत्या बैलगाडीत एक उभा तांब्या आणि एक पसरट परात ठेवा. वळणावर आधी कोण कलंडते ते पाहा. राहिला पाण्याचा प्रश्न. पूर कोणाची उंची पाहून ओसरत नाही. दोन फूट पाण्यात भल्याभल्या मोटारी तरंगू लागतात, आणि चाक जमिनीवरून सुटले की सुकाणू काय कामाचे?

पण माझे भांडण याहून मोठे आहे. डॉक्टरांना, वनरक्षकांना आडरानात जावेच लागते; त्यांनी उंच जीप अवश्य घ्यावी. मी जातो शाळेत, आणि कधीमधी चंद्रपूरला. डांबरी रस्त्यावरून जाण्यासाठी मला जंगलची गाडी लागत असेल, तर दोष माझ्या मोटारीचा की रस्त्याचा? खड्डा सार्वजनिक आणि त्यावरचा उपाय खाजगी, असा हा न्याय आहे! ज्याच्यापाशी पैसे आहेत तो खड्ड्यावरून जातो, एस. टी.तला म्हातारा, सायकलवरची विद्यार्थिनी आणि रुग्णवाहिकेतली अडलेली बाई खड्ड्यातून जातात. ज्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो त्यांच्या कंबरेला दणका बसेनासा झाला, की रस्त्याची तक्रार करणार कोण? 2023च्या मार्चमध्ये आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनातले सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेले. आम्हांला आनंदच झाला. परंतु लाकडाचा जो मान झाला, त्यातला थोडा माणसांच्या वाटेलाही यावा!

आता गंमत ऐका. वस्तू व सेवा कराच्या नियमांत उंच मोटारीची व्याख्या करताना, इंजिन आणि लांबी यांच्या जोडीला जमिनीपासूनची मोकळी जागा 170 मिलिमीटर धरली. आणि 2022 साली आलेली, चाकणला बनणारी स्लाव्हिया, जिला सगळे ठेंगणी म्हणून हिणवतात, तिच्या पोटाखाली 179 मिलिमीटर जागा आहे! म्हणजे आमच्या रस्त्यांनी ठेंगण्या मोटारीलाही टाचा उंचावायला लावले.

तीच मी घेणार आहे, जुनी आणि हप्त्यांनी. तिचे इंजिन लहान, तोराही कमी. पण वळणावर ती रस्ता सोडणार नाही, आणि खड्ड्यात दणका बसला की मला तो कळेल. कळला, की त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहीन. आजवर मी कादंबऱ्या लिहिल्या. आता अर्ज लिहीन.

आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर एस. टी.च्या मागे मोटार लावून मुकाट्याने थांबेन. त्या ड्रायव्हरची विडी संपेपर्यंत.