चारीवरची मोटार आणि संचालकाचा फॉर्म



परवा बाजारच्या दिवशी पंचायत समितीत टेबलावरची कागदे आवरत बसलो होतो. दारात एक तरुण उभा राहिला. चेहरा ओळखीचा वाटला. मग आठवले. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेत माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. नमुना घेण्यासाठी खड्डा कसा काढायचा ते सांगत असता पुढे येऊन खुरपे हातात घेणारा पोरगा तो हाच. आता सव्वीस वर्षांचा. पदवी झाली, पुण्यात दोन वर्षे नोकरी करून परत आला आणि घरची शेती बघतो.

"साहेब, आमच्या पाणी वापर संस्थेची निवडणूक लागलीया. संचालकाला उभा राहतोय. पत्रक लिवलंय, तेवढं नजरंखालनं घाला."

मी सरकारी नोकर. मला कोणाचा प्रचार करता येत नाही आणि करायचाही नाही. पण शेतीचे काही लिहिले असेल तर वाचायला हरकत कसली? कागद घेतला. वर मोठ्या अक्षरात ओळ होती, 'सर्वांना मुबलक पाणी'. खाली चारीची दुरुस्ती, वेळेवर पाळी, पारदर्शक कारभार वगैरे नेहमीचे.

मी विचारले, "मुबलक कुठून आणणार?"

तो हसला. "तसं लिवायचं असतं साहेब."

इथेच आमची गाडी अडली आणि पुढचा दीड तास त्याच एका ओळीवर गेला. त्यातले काही आपल्याही कामी येईल म्हणून आज लिहितो आहे, कारण सातारा-सांगलीत कालव्याच्या लाभक्षेत्रात आता गावोगावी अशा संस्था आहेत आणि त्यांच्या निवडणुका होत असतात. दुर्दैवाने आपण या निवडणुकीला सोसायटीच्या निवडणुकीची धाकटी बहीण समजतो. घरातला एखादा रिकामा पोरगा उभा करतो आणि मोकळे होतो.

संस्था म्हणजे काय ते आधी बघू. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्याप्रमाणे पाटबंधारे खाते चारीच्या तोंडाशी पाणी मोजून देते. घनमीटरवर मोजते, घनमीटरवर आकारणी करते. आतले वाटप संस्थेने करायचे. संचालक मंडळात चारीचा वरचा भाग, मधला भाग आणि शेवटचा भाग, म्हणजे शीर्ष, मध्य आणि पुच्छ, या तिघांना सारख्या जागा. अध्यक्षपदही तिन्ही भागांत फिरते ठेवायचे. पीक कोणते घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र वाट्याचे पाणी ठरलेले, त्याच्या आत. कायदा करणाऱ्याला चारीवरची भांडणे चांगली माहीत असावीत असे हे वाचताना वाटते.

एक गोष्ट मी त्याला सगळ्यांत आधी विचारली. उताऱ्यावर नाव आहे का? या संस्थेचे सभासदत्व जमिनीच्या नोंदीवरून येते. आपल्याकडे तिशी उलटलेले मुलगे रात्रीची दारी धरतात आणि सातबारा मात्र वडिलांच्या नावावर असतो. ऐन वेळी यादीत नाव सापडत नाही आणि मग वाद होतो. याचे नाव होते, दोन वर्षांपूर्वी वाटणीत वीस गुंठे लागले होते. यादी त्याने बरोबर आणली होती. ती चाळताना बायकांची नावे फार थोडी दिसली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोचे नाव उताऱ्यावर लावा असे सांगितले त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. ज्या घरात ते ऐकले गेले त्या घरातली बाई आज या संस्थेत मत देते आणि उभीही राहते. बाकीच्या घरांत ती फक्त बांधावर उभी राहते. असो.

आता मुबलक पाण्याकडे येऊ. मी त्याला कागद-पेन दिले आणि हिशेब मांडायला लावला. पाटपाण्यावर भिजवलेल्या आडसाली उसाला हेक्टरी तीनशे ते साडेतीनशे सेंटीमीटर पाणी लागते असे आपण धरतो. म्हणजे सगळे पाणी एकदम रानात उभे केले तर पुरुषाच्या डोक्यावरून जाईल. हेक्टरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे शंभर घनमीटर. तेव्हा एका हेक्टर उसाला कमीत कमी तीस हजार घनमीटर. शाळूला आठ-आठ सेंटीमीटरची तीन पाणी दिली तर चोवीसशे घनमीटर. भागाकार त्यानेच केला. एका हेक्टर उसाच्या पाण्यात बारा हेक्टर शाळू.

"म्हंजे ऊस लावूच नका म्हंता?"

मी असे कधी म्हणत नाही. कृष्णाकाठी राहून ऊस लावू नका म्हणणारा अधिकारी पुढच्या सभेला एकटाच असतो. ऊस लावा, ठिबकवर लावा. व्यवस्थित चालवलेल्या ठिबकने जवळपास चाळीस टक्के पाणी वाचते. पण वरच्या भागातले दहा जण सरीतून पाणी वाहते ठेवतात तेव्हा पुच्छाच्या वीस जणांची पाळी कोरडी जाते, हा साधा हिशेब आहे आणि त्यात मुबलक हा शब्द कुठेच बसत नाही. चारीच्या तोंडाशी पाणी मोजून मिळणार. ते वाढवणे संचालकाच्या हातात नाही. त्याच्या हातात असते ती फक्त वाटणी. तेव्हा कोणाला तरी कमी घ्या असे सांगावेच लागेल.

आणि ज्याला कमी घ्या म्हणायचे त्याचेही त्यात भले आहे. नोकरीला लागलो तेव्हा वाळवा, पलूस, मिरजेकडची काही राने मी हिरवीगार बघितली. आज त्यातल्या काहींत पांढरा थर दिसतो. पाणी जास्त झाले, निचरा नाही, काळ्या भारी जमिनीत पाण्याची पातळी वर वर आली. वरून ऊन लागते, पाणी उडून जाते आणि त्यातला क्षार पृष्ठभागावर राहतो. आधी ऊस पिवळा पडतो, मग फुटवे कमी होतात, मग त्या तुकड्यात लव्हाळा तेवढा उगवतो. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींवर वर्षानुवर्षे काम चालले आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढता येतो, राने सुधारतात. पण खर्च मोठा, आणि आपल्या रानातले पाणी खाली सोडायचे तर शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते. तिथे पुन्हा भाऊबंदकी आडवी येते. नुसते जिप्सम टाकून भागत नाही हे किती वेळा सांगितले असेल! जिप्सम चोपण जमिनीला, तेही माती तपासून आणि निचरा केल्यावर.

म्हणजे वरच्याचे रान पाण्याने मरते आणि खालच्याचे पाण्यावाचून. दोन्हीवर औषध एकच, पण ते मत मागताना कडू लागते.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, बंद करा, कमी करा असं सांगून कुणी निवडून आलंय का?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला हिवरे बाजारची गोष्ट सांगितली. गाव आपल्या जिल्ह्यांतले नाही, नगरकडचे आहे. पण पाऊस आपल्या माण-आटपाडीसारखाच, साधारण चारशे मिलीमीटर. १९८९ च्या सुमाराला तिथे दारूच्या भट्ट्या होत्या, डोंगर बोडके होते, माणसे गाव सोडून मजुरीला जात होती. गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार नावाच्या एम. कॉम. झालेल्या, क्रिकेटचे वेड असलेल्या आपल्या वयाच्या मुलाला सरपंच व्हायला भाग पाडले. तो बिनविरोध झाला. मग गावाने काय केले? दारू बंद केली. डोंगरावर मोकळी चराई बंद केली, झाडावर कुऱ्हाड बंद केली. चर खणले, पाणी अडवले. आणि पाणी आल्यावर, हे मला फार महत्त्वाचे वाटते, शेतीसाठी बोअर मारणे बंद ठेवले आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला. पाऊस किती झाला ते बघून दरवर्षी गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. शेळ्या-मेंढ्या असलेल्या गरिबाला चराईबंदी काय वाटली असेल याचा विचार करा. पण गवत वाढले, विळ्याने कापून न्यायची मुभा होती, आणि गोठ्यात दुधाची जनावरे आली.

"त्ये बिनविरोध झालं," पोरगा म्हणाला. वकिली बुद्धीचा आहे.

तेही खरे. पण २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांनी तिथे ग्रामपंचायतीला मतदान झाले. लोकांना मोकळेपणाने नाही म्हणता आले असते. सातच्या सात जागा पवारांच्या बाजूला गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती, ती वेगळी.

नगरचे उदाहरण लांबचे वाटेल म्हणून मग जवळचे सांगितले. विट्याच्या बाजूला, खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेले कामगार, शेतकरी पोरे आणि मुक्ती संघर्ष चळवळीचे कार्यकर्ते यात होते, डॉ. भारत पाटणकर त्यातले एक. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदीकाठच्या विहिरी आटत होत्या. लोकांनी त्याला विरोध केला आणि थोडी वाळू आपणच विकून धरणासाठी पैसा उभा केला. पण मला कौतुक वाटते ते वाटपाच्या नियमाचे. पाणी जमिनीवर नव्हे, माणसावर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात राहून हा नियम करायला काय छाती लागली असेल! पुढे १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या, त्यांतही समान पाणीवाटप हीच मागणी होती. आज टेंभूचे पाणी दुष्काळी भागात पोचते आहे. पाणी आले म्हणजे वाटपाचा प्रश्न मिटतो असे नव्हे. तो तिथून सुरू होतो. आटपाडीच्या कोरड्या रानात आता नवा ऊस दिसू लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

एवढे ऐकून पोराने आपल्या पत्रकातली ती वरची ओळ खोडली. "मग काय लिवू?"

मी म्हणालो, आधी पुच्छाला जा. शेवटच्या माणसाच्या बांधावर बस, गेल्या वर्षी त्याला किती पाळ्या मिळाल्या ते वहीत लिहून घे. संस्थेने चारीच्या तोंडाशी किती घनमीटर घेतले तो आकडा काढ. दोन्ही आकडे देवळासमोर सगळ्यांपुढे वाच. पत्रकात तेच छाप. आणि निवडून आलास तर पाळी पुच्छाकडून सुरू करणार का, ते स्पष्ट लिही.

"आमचं रान वरल्या अंगाला हाय साहेब."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

ठाऊक होतेच. त्यांच्या उसाच्या प्लॉटवर मी तीन वेळा गेलो आहे. चारीच्या भरावावर चिंचेखाली पाच अश्वशक्तीची मोटार आहे आणि तिचा पाइप गवतातून थेट चारीत उतरतो. ती मोटार कोणत्याच कागदावर नाही. अशा मोटारी त्या चारीवर आणखी चार-पाच आहेत. याच्या वडिलांनी मला तिथेच बसवून चहा पाजला होता, तेव्हा मीही काही बोललो नव्हतो. हे लिहायला बरे वाटत नाही, पण लिहितो. मी पीक बघायला गेलो होतो, पाटबंधारे माझे खाते नव्हे, अशी समजूत मी स्वतःची घातली होती.

पोराच्या ते लक्षात आले. मान खाली घालून म्हणाला, "तात्यांनी पंधरा वर्सं झाली बसवलीया. त्येंच्याम्होरं कोण बोलणार?"

"पुच्छाचा माणूस बोलेल. भर सभेत बोलेल. तेव्हा तू काय सांगशील?"

तो काही न बोलता उठला, पत्रक खिशात घातले आणि गेला. मला वाटले, फॉर्म काही भरत नाही हा.

चौथ्या दिवशी त्या बाजूला हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकाला जायचे होते. वाट चारीवरूनच. चिंचेखाली बाप-लेक दोघेही होते. पोराने मला हात केला आणि फॉर्म भरल्याची पावती दाखवली. तात्या मोटारीजवळ बिडी ओढत बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, अंगावर मळकी बंडी. मला बघून उठले नाहीत, एरवी उठतात.

"साहेब, पोरगं म्हंतंय मोटार काढा. तुमीच शिकीवलं न्हवं?"

मी म्हणालो, "तात्या, हिशेब त्यानेच केला. मी फक्त पेन दिले."

तात्यांनी थोडा वेळ चारीतल्या पाण्याकडे बघितले. पाणी काठोकाठ होते. मग बिडी विझवली आणि म्हणाले, "काढतो की. येवढी पाळी हुंद्या. लागणीचा ऊस हाय, मधीच तोडून कसं चाललं?"

पाळी संपायला अजून पाच दिवस होते. पोराने खिशातून वही काढली आणि त्यात आपल्या घरच्या मोटारीचे नाव, अश्वशक्ती आणि तारीख लिहिली. पहिल्याच पानावर लिहिली. तात्या बघत होते.