अठराव्या वर्षी शंटची जबाबदारी संपते काय?

"त्रास झाला तर या." डोक्यात शंट असलेल्या प्रौढ माणसाला आपली आरोग्यव्यवस्था एवढेच सांगते. आमचा विरोध या वाक्यालाच आहे.

मेंदूत साठणारे पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी म्हणजे शंट. तो अनेकांना लहानपणीच बसवतात आणि बहुतेकांना जन्मभर लागतो. लहान मुलांतले जवळपास निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांतच बिघडतात. उरलेले वीस वर्षांनीही बंद पडू शकतात.

जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. एकोणिसाव्या वर्षी काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांचा खर्च उचलते. म्हणजे शंट तुंबून माणूस बेशुद्ध पडला की शासन पैसे देणार. तो पडू नये म्हणून करायच्या तपासणीला मात्र त्याने रोजी बुडवून, पदरचे भाडे खर्चून शहर गाठायचे!

शिवाय प्रौढांत बिघाड कधीकधी हळूहळू होतो. विसराळूपणा, सुस्ती, चालताना तोल जाणे, नजर मंदावणे. ज्याच्या मेंदूवर दाब वाढतो आहे, त्यानेच तो ओळखावा, ही कसली अपेक्षा? मालक त्याला आळशी ठरवून मोकळा होतो.

काही जण विचारतात, आज ठीक असलेला शंट उद्या बंद पडू शकतो, मग दरवर्षी तपासून काय उपयोग? बंद पडू शकतो, हे खरेच. पण बिघाड ओळखायला शंट नीट चालू असतानाचा स्कॅन तुलनेला लागतो. डोळे तपासले तर मागच्या नसेची सूज दिसू शकते. चुंबकाने दाब जुळवायचे काही व्हॉल्व्ह एमआरआयनंतर बदलू शकतात, ते तपासावेच लागतात.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, असे संविधानाचे कलम 47 सांगते. म्हणून आमची मागणी: प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शंटधारक प्रौढांसाठी ठरलेल्या दिवशी मोफत वार्षिक तपासणी, शंटचा प्रकार व शेवटचा स्कॅन नोंदवलेले कार्ड, आणि अठराव्या वर्षी बालविभागाकडून प्रौढ विभागाकडे लेखी हस्तांतर.

कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतले शंटधारक शोधा, त्यांची कागदपत्रे जमवा. डोकेदुखी, उलट्या, गुंगी दिसली तर कुठल्याही तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि तारीख मिळावी म्हणून निवेदन घेऊन आमच्यासोबत चला. तपासणी हा हक्क आहे, उपकार नव्हे.