कुलूप निघाले, रूळ जुळले का?

सौद्याची वेळ सकाळची. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात अण्णा गादीवर बसले होते. समोर अमेरिकेहून आलेला फोन होता. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मुलाने तीन वर्षे वापरलेला आणि हप्ते पूर्ण फेडलेला तो फोन एका नातलगाबरोबर आला होता. सोबत निरोप होता, “अण्णा, कंपनीकडून कुलूप काढून घेतले आहे. आता कोणतेही सिम घाला, चालेल.” आदल्या रात्री अण्णांनी आपले सिम त्यात घातले आणि जुना फोन दिवाणजींच्या मुलाला देऊन टाकला. इंटरनेट सुरू झाले, बाजारभाव दिसू लागले. सकाळी मात्र फोन एकदाही वाजला नाही.

सौदे आटोपत आले तेव्हा शेजारच्या पेढीवरून निरोप आला. गुजरातेतील एक जुना खरेदीदार तेथे फोन करून विचारत होता, “अण्णांची तब्येत बरी आहे ना? तासभर फोन लागत नाही.” तोवर त्याने आपली खरेदी त्या पेढीवरच नोंदवली होती. एका दिवसाची अडत गेली, तिचे दुःख अण्णांना फारसे नव्हते. माल हवा असताना गिऱ्हाइकाला आपण सापडलो नाही, ही गोष्ट मात्र त्यांना दिवसभर बोचत राहिली.

मुलाने खोटे सांगितले नव्हते. कुलूप खरोखरच निघाले होते. चुकली होती ती समजूत: कुलूप निघाले म्हणजे फोन कोठेही चालणार, ही.

हे कुलूप व्यापाऱ्याला समजायला अवघड नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक मोबाइल कंपनीकडूनच हप्त्यांवर फोन घेतात. फोन गिऱ्हाइकाच्या हाती असतो, पण पैसे फिटेपर्यंत तो त्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला राहतो. हे एक प्रकारचे तारणच. ते सोडवून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १ ऑगस्ट २०१४ रोजी सही केली. भारतात बहुतेक फोन मुळातच मोकळे विकले जातात, म्हणून हा प्रश्न आपल्या परिचयाचा नाही. तरी २००३ च्या सुमारास घरोघरी आलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन अनेकांना आठवत असतील. तेही असेच एका कंपनीला बांधलेले होते.

तारण सुटले की मालकी पूर्ण होते. परंतु गाडी आपल्या मालकीची झाली म्हणून ती कोणत्याही रुळावर धावत नाही. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीन रुंदींचे रूळ येत. वॅगन उत्तम असो, कागदपत्रे चोख असोत, रुंदी जुळली नाही की माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. मोबाइलच्या जगात हे रूळ म्हणजे रेडिओलहरींचे ठरावीक पट्टे, ज्यांना बँड म्हणतात. भारतात फोर-जीसाठी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरात आहेत. अमेरिकेत फोर-जीचा मोठा भार ७००, १७०० आणि १९०० या पट्ट्यांवर राहिला आहे. ८५० सारखे मोजकेच पट्टे दोन्हीकडे सामाईक. महागड्या फोनांत बहुधा जगभरचे पट्टे असतात. केवळ अमेरिकेसाठी बनवलेल्या स्वस्त किंवा जुन्या फोनात १८०० आणि २३०० नसतील, तर तो येथे काही ठिकाणी चालेल आणि काही ठिकाणी गप्प बसेल.

अण्णांच्या फोनाचे रूळ जुळले होते, म्हणून तर इंटरनेट चालले. अडले ते तिसऱ्या जागी, बोलण्याच्या सोयीत. पूर्वी फोर-जीवर इंटरनेट चाले आणि कॉल आला की फोन टू-जी किंवा थ्री-जीवर उतरे. ज्या कंपन्यांचे टू-जी अजून चालू आहे, तेथे ही वाट आजही मिळते. रिलायन्स जिओने मात्र ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती थेट फोर-जीवर; खाली उतरायला पायरीच ठेवली नाही. अशा नेटवर्कवर आवाजही इंटरनेटसारखाच फोर-जीवरून जातो. या सोयीला व्होल्टे म्हणतात. त्यासाठी फोनात व्होल्टे असणे पुरेसे नाही. त्या विशिष्ट कंपनीच्या व्होल्टेची मांडणी फोनाच्या प्रणालीत असावी लागते. अमेरिकन कंपनीने आपल्यापुरती तयार करून घेतलेली प्रणाली कुलूप निघाल्यावरही तीच राहते. तीत भारतीय कंपनीची मांडणी नसेल, तर इंटरनेट चालते आणि फोन करणाऱ्याला मात्र आपण संपर्काबाहेर वाटतो.

उलट दिशेनेही हाच हिशेब लागू पडतो. शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेली मुले येथला फोन बरोबर नेतात. तेथील एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले थ्री-जी बंद केले. त्यानंतर तिच्याकडे मान्य यादीतील मॉडेललाच सेवेचा भरवसा आहे. कुलूप कधीच नसलेला फोनही त्या यादीत नसू शकतो. म्हणून ती यादी विमानात बसण्याआधी पाहावी.

तेव्हा नवी कंपनी किंवा परगावचा फोन स्वीकारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कुलूप निघाले आहे काय? आयफोनात सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर सिमचे निर्बंध नाहीत अशी स्पष्ट नोंद दिसते. पट्टे जुळतात काय? त्यासाठी फोनाचे केवळ नाव पुरत नाही, मॉडेलचा पूर्ण क्रमांक लागतो, कारण एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांचा निघतो. आणि ज्या कंपनीचे सिम घालायचे, तिचे व्होल्टे या मॉडेलवर चालते काय?

उत्तरे मिळाली तरी मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा करू नये. घरात कोणाकडे त्या कंपनीचे सिम असेल ते तासभर मागून घ्यावे. फोन करून पाहावा, आलेला घेऊन पाहावा, बँकेचा संदेश येतो का ते बघावे, गोदामाच्या कोपऱ्यात उभे राहून बोलावे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही. तेथे ई-सिम लागते, म्हणून अशी उसनी परीक्षा साधत नाही आणि आधीची चौकशी अधिक काटेकोर करावी लागते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. पण एकदा बदललेली कंपनी ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. व्यापाऱ्याचा नंबर बँकेत, जीएसटीच्या नोंदणीत आणि शेकडो शेतकऱ्यांच्या वहीत लिहिलेला असतो. परीक्षा न करता तो हलवणे म्हणजे हंगामात पेढीची पाटी उतरवून ठेवणे. जुना फोनही महिनाभर हाताशी असावा.

अण्णांनी त्याच संध्याकाळी जुना फोन परत मागवला आणि दिवाणजींच्या मुलाला दुसरा घेऊन दिला. अमेरिकेचा फोन आता घरी असतो आणि वायफायवर चालतो. रविवारी नातू त्यावर दिसतो. मुलाने पहिल्याच रविवारी विचारले, “अण्णा, फोन कसा आहे?”

“चित्र फार स्वच्छ दिसते,” अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी त्या सकाळची सारी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, “पुढच्या वेळी पाठवण्याआधी मॉडेलचा क्रमांक तेवढा कळव.”