पंचनामा पानाच्या आतही व्हावा

बांधापलीकडून वाऱ्यावर आलेल्या तणनाशकाने पीक बसले, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरते? पिवळी पडलेली पाने, मोबाइलमधले फोटो आणि शेजाऱ्याशी जन्माचे वैर. पंचनाम्याला आलेला माणूसही पानाचा रंगच पाहतो. पण पाने पाण्याच्या ताणानेही पिवळी पडतात, अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही आणि रोगानेही. खरा पुरावा पानाच्या आत असतो आणि ग्लायफोसेट या तणनाशकाच्या बाबतीत तो मोजता येतो. हे मोजमाप करून घेण्याची सोय तालुक्याच्या पातळीवर शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. ती का, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. ग्लायफोसेट पान जाळत नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रांझ यांनी १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण ओळखला. ते वनस्पतीतले नेमके कोणते विकर बंद पाडते, हे मात्र १९८० मध्ये स्टाइनर्युकेन आणि आमर्हाइन या संशोधकांनी दाखवले. त्या विकराचे नाव ईपीएसपी सिंथेज. प्रकाशसंश्लेषणात वनस्पतीने मिळवलेल्या कार्बनचा साधारण पाचवा हिस्सा या विकराच्या वाटेने जातो आणि त्यातून काही अत्यावश्यक अमिनो आम्ले तयार होतात. वाट पुढे बंद झाली की तिच्यावरचे नियंत्रणही सुटते. कार्बन आत ओढला जात राहतो आणि शिकिमिक आम्लाच्या रूपात साठत जातो. तिकडे हवेतला कार्बन पकडणारे चक्र चालू ठेवायला लागणारी साखर-फॉस्फेटे अपुरी पडतात आणि पानात स्टार्च साठणे मंदावते. पान वरून हिरवे दिसत असते तेव्हाच हे सगळे सुरू झालेले असते.

२. म्हणजे झाड साखरेवाचून मरते का? तसेही नाही. स्पेनमधल्या नवारा येथील संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर ग्लायफोसेट आणि इमॅझेथापायर या दोन्ही तणनाशकांचा अभ्यास केला. दोघांची लक्ष्य-विकरे वेगळी, तरी परिणाम सारखा निघाला. मुळांची वाढ थांबली, साखरेला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून ती पानांत आणि मुळांत साचली. मुळांमध्ये तर हवा असतानाही पायरुव्हेट डीकार्बोक्सिलेज आणि अल्कोहोल डीहायड्रोजनेज या आंबवणाऱ्या विकरांची हालचाल वाढली. भरल्या ताटापुढे बसून उपाशी राहावे, तशी ही अवस्था. आपल्याकडे सोयाबीनवर इमॅझेथापायर सर्रास मारले जाते. सोयाबीन ते लवकर पचवते, म्हणून तगते. शेजारच्या पिकाला ते पचेलच असे नाही.

३. ग्लायफोसेट झाडात साखरेबरोबर फिरते. पानातली साखर जिकडे जाते, म्हणजे कोवळ्या शेंड्याकडे, मुळांकडे, लव्हाळ्याच्या गाठींकडे, तिकडेच तेही जाते. त्यामुळे असर दिसायला आठवडा लागतो, चिवट तणांना त्याहून जास्त. ताणावर असलेल्या तणात साखरेची ने-आण मंद असते, तिथे औषध लागू पडत नाही. गढूळ पाण्यातली माती ते धरून ठेवते, विहिरीच्या जड पाण्यातले कॅल्शियम त्याला निकामी करते. ही माहिती शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. पोचते ती एकच सूचना : डोस वाढवा. वाढलेला डोस तणावर पडो न पडो, वाऱ्यावर तोही उडतोच.

४. थोडेसे उडाले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी उसाकडे पाहावे. अमेरिकेत लुईझियाना आणि फ्लोरिडात तोडणीपूर्वी काही आठवडे उसावर ग्लायफोसेटचा अगदी कमी डोस मुद्दाम देतात. शेंड्याची वाढ थांबते, कोवळ्या कांड्यांमधले आम्ल इन्व्हर्टेज हे विकर मंदावते आणि सुक्रोज फुटण्याऐवजी साठते. उतारा वाढतो, पण वेळ किंवा मात्रा चुकली तर खोडव्याची फूट मार खाते. मारक मात्रेपेक्षा कितीतरी कमी औषध पिकाचा साखरेचा हिशेब बदलू शकते, हे यातून स्पष्ट आहे. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला तरी हे कोणी वेगळे समजावायला नको.

५. कायदा हे पाहतच नाही. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण औषधाची तीव्र विषबाधा सांगतो, तीही प्रयोगातल्या प्राण्यांवरून ठरवलेली. शेजारच्या पिकाबद्दल तो काहीच सांगत नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी, असा आदेश काढला. प्रत्यक्षात पाठीवर पंप कोणाच्या असतो, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. खुरपणीला, भांगलणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. पण ज्याचे पीक गेले त्याचे काय? १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात अशा नुकसानीच्या भरपाईची वाट नाही आणि पीक विमा नैसर्गिक आपत्तीसाठी आहे.

६. म्हणून मागणी नेमकी करतो. तक्रार आल्यावर दोन-तीन दिवसांत कृषी सहायकाने दोन्ही शेतकऱ्यांसमोर कोवळ्या पानांचे नमुने घ्यावेत : बाधित भागातले आणि त्याच शेतातल्या निरोगी भागातले. ते बर्फात ठेवून सीलबंद करावेत आणि राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवावेत. शिकिमिक आम्ल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येते, त्यासाठी परदेशी यंत्रणा लागत नाही. बाधित पानात ते निरोगी पानापेक्षा ठळकपणे जास्त निघाले, तर ग्लायफोसेटचा संशय पक्का धरायला आधार मिळतो. उशीर केला तर हा पुरावा विरत जातो. ही चाचणी २,४-डी किंवा इमॅझेथापायर ही तणनाशके पकडत नाही. द्राक्ष, कापूस आणि टोमॅटो २,४-डीला फार नाजूक असल्याने त्या पिकांसाठी अवशेष तपासणीची सोय वेगळी हवी. नमुना घेतल्याची पावती शेतकऱ्याला जागेवरच मिळावी, आणि अहवालाची प्रत तहसीलदाराकडे जाईल तेव्हाच दोन्ही शेतकऱ्यांनाही मिळावी.