मुक्काम कोणाच्या घरी होता?

मराठीत नर्मदा परिक्रमेची पुस्तके आता इतकी झाली आहेत की 'परिक्रमावर्णन' हा प्रवासवर्णनाचा स्वतंत्र उपप्रकार मानायला हरकत नसावी. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' आणि त्यानंतर आलेली अनुभवकथनांची लाट असा हा विस्तार आहे. या लाटेविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ती श्रद्धेविषयी नाही, वाक्यरचनेविषयी आहे.

परिक्रमा म्हणजे चालणे, हे अर्धसत्य होय. रूढ संकेतानुसार ती तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात एका जागी थांबायचे, अन्नाचा साठा करायचा नाही. म्हणजे रोज सायंकाळी कोणाच्या तरी ओसरीवर, आश्रमात वा धर्मशाळेत पाठ टेकायची आणि सदावर्तात मिळालेल्या पीठ-डाळीवर भागवायचे. या प्रवासाचा कणा मुक्काम हाच आहे. पुस्तकांत मात्र त्याची बोळवण बहुधा एकाच वाक्यात होते : मैयाने जेवू घातले.

या वाक्याचा कर्ता तपासून पाहावा. पीठ कोणी मळले? सरपण किती लांबून आणले? पाहुण्याला वाढल्यावर भांड्यात काय उरले? चमत्कार सांगण्याच्या घाईत यजमानाचे कर्तेपद जाते. यजमानीण तर वाक्यातच येत नाही.

यावरचे उत्तर ठरलेले आहे. वाढणारा स्वतःच म्हणतो, मी कोण देणारा, मैया देते. म्हणतो, हे खरेच. पण तो त्याचा विनय आहे. यजमानाचा विनय शब्दशः घेऊन पाहुण्याने त्याचे नाव गाळावे, याला भक्ती म्हणत नाहीत. ऋण बुडवणे म्हणतात.

हा प्रश्न सर्वाधिक बोचतो तो शूलपाणीच्या झाडीत. तेथे परिक्रमावासी लुटला जातो, अंगावरचे वस्त्रही जाते, ही जुनी ख्याती. त्या ख्यातीतला भिल्ल लुटारू होता. आताच्या कथनांत तो भोळा झाला आहे. दोन्ही ठिकाणी त्याला स्वतःचे वाक्य नाही. त्याची भिलोरी वा पावरी क्वचितच कानी पडते. शिवाय या काठाचा मोठा भाग सरदार सरोवराने गिळला. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर १९९०च्या दशकात बुडाले. २०१९ साली जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पूर्वीच्या परिक्रमावासींना निवारा देणारी कितीतरी अंगणे आज पाण्याखाली आहेत. मंदिर बुडाल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्या लेखणीने त्या अंगणांचीही विचारपूस करावी, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

मराठी गद्याला हे नव्याने शिकवावे लागू नये. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' चक्रधरस्वामींच्या भ्रमणाचा वृत्तान्त गावांच्या आणि माणसांच्या नावांनिशी देते. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' तर त्यांच्या मुक्कामाच्या व बसण्याउठण्याच्या जागांचीच नोंद आहे. तेथे श्रद्धा काही उणी नव्हती. अनुयायांच्या दृष्टीने साक्षात परमेश्वर चालत होता. तरीही तो कोठे थांबला, कोणाशी बोलला, हे जपून ठेवणे त्यांना अगत्याचे वाटले. श्रद्धा आणि तपशील यांचे वैर आपण अलीकडे लावून दिले आहे.

यात समीक्षेचा आणि आम्हा अध्यापकांचा वाटाही आहे. प्रवासवर्णन शिकवताना आपण निसर्गचित्रण विचारतो, अनुभूतीची उत्कटता विचारतो. त्यापुढे एक साधा प्रश्न घालावा : मुक्कामाच्या प्रत्येक परिच्छेदात क्रियापदाचा कर्ता कोण? विद्यार्थ्यांना तो शोधायला लावला, तरी अनेक गाजलेल्या पुस्तकांचे पुनर्मूल्यमापन आपोआप होईल.

परिक्रमेत नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची असते. घरे अर्थातच डाव्या हाताला येतात. लेखकाने अधूनमधून तिकडेही मान वळवावी. त्याने परिक्रमा खंडित होत नाही.