फाइल उघडते, पण कुणामुळे?



सूर्यास्तापूर्वी जेवणं आटोपली की बऱ्याच घरांत खुनाच्या मालिका लागतात. हिंसा पाहू नये, असं काहीजणी म्हणतात. माझी तक्रार वेगळी आहे. ‘सीआयडी’ आपण १९९८ पासून पाहिली. २००३ साली सुरू झालेल्या ‘कोल्ड केस’ या अमेरिकन मालिकेत तर न सुटलेल्या जुन्या खुनांच्याच फायली उघडतात आणि तासाभरात खुनी सापडतो. मधली वर्षं कुठे जातात?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला. तपास पुणे पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. हमीद आणि मुक्ता ही त्यांची मुलं कोर्टात पाठपुरावा करत राहिली. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ अकरा वर्षं!

खुनाचा खटला कितीही वर्षांनी चालू शकतो. कायद्यात त्याला मुदत नाही. आपल्या नागपुरात न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. पण प्रयोगशाळेला पुरावा लागतो आणि कोर्टाला साक्षीदार. ‘कोर्टकचेरी नको’ म्हणून आपण गप्प बसतो, वर त्याला क्षमा म्हणतो. क्षमा मनातला राग सोडायला सांगते, पाहिलेलं लपवायला नाही. सत्यही आपलं व्रतच आहे.

मालिका खुशाल पाहा. पण एखाद्या घरातलं माणूस असं गेलं असेल, तर त्या बाईला ‘आता विसर’ म्हणू नका. कोर्टाच्या तारखेला तिच्यासोबत जा.